लाल दिव्यापाशी एकटी मोटारसायकल: सांगली-मिरजेच्या दुचाकीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत मी मोटार वाइंडिंगचं, म्हणजे विजेच्या मोटारीत तांब्याच्या तारेच्या कॉइली भरायचं काम करतो. दुसरी पाळी रात्री बाराला सुटते, मग मोटारसायकलवर मिरज. दिवसा पाय ठेवायला जागा नसलेला रस्ता त्या वेळी मोकळा असतो, आणि मोकळ्या रस्त्यावर एकट्या माणसाला अडवून धरणारा लाल दिवा जिवाला फार लागतो. आमच्या वाटेवर असा एक चौक होता. तिथं उजवीकडं वळायचं, तर आपल्या बाजूला हिरवा येतच नसे. समोरचा रस्ता दोन-दोन, तीन-तीन वेळा सुटायचा, आपली पाळी वगळून. मागून रिक्षा किंवा टेम्पो येऊन उभा राहिला की मात्र लगेच सुटायचा. मला वाटायचं दिवा बिघडलाय. एका रात्री खाली उतरून डांबरावरची काळी रेघ निरखून पाहिली आणि लक्षात आलं, ही तर कॉइल, वर गाडी आली की सिग्नलला कळवणारी. आपण रोज भरतो तीच, फक्त रस्त्यात पुरलेली.

तेव्हापासून पाळीतले सोबती, गल्लीतली कॉलेजची पोरं, मिरजेच्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या नर्सताई हेच प्रश्न मला फिरून फिरून विचारतात. उत्तरं इथं एका जागी लिहितोय.

सिग्नलला गाडी दिसते म्हणजे काय? तो तर टायमरवर चालतो ना?

आपल्याकडच्या शहरांतले बहुतेक सिग्नल टायमरवरच चालतात. कुठल्या बाजूला किती सेकंद हिरवा, हे आधीच भरून ठेवलेलं असतं. रस्त्यावर शंभर गाड्या असोत की एकही नसो, त्याची फेरी चालूच राहते. दुसऱ्या जातीचा सिग्नल रस्त्यावर कोण आहे ते बघून वेळ देतो. गाडी नसेल त्या बाजूची पाळी तो सरळ वगळतो. पुण्या-मुंबईत असे सिग्नल बरेच आहेत, आणि आपल्यासारख्या गिचमिड वाहतुकीसाठी तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं स्वतःची पद्धतही तयार केली आहे. मोटारसायकलीची अडचण या दुसऱ्या जातीतच येते. त्याला तुम्ही दिसला नाहीत, तर त्याच्या हिशेबी तिथं कुणी नाहीच.

आमच्या चौकातला कुठल्या जातीचा, हे कसं ओळखायचं?

मोजून. गाडी कडेला स्टँडला लावा, मोबाइलच्या घड्याळावर आपल्या बाजूचा लाल आणि हिरवा सलग तीन फेऱ्या मोजा. हे काम रात्री अकरानंतर करा. दिवसा सगळीकडून गाड्या असतात, त्यामुळं सेन्सरवाला सिग्नलही ठरलेल्या वेळेवर चालल्यासारखा दिसतो. रात्री रिकाम्या रस्त्यालाही तेवढाच हिरवा मिळत असेल तर तो टायमर.

हे मोजणं फार महत्त्वाचं आहे. टायमरच्या सिग्नलला "हा मला बघतच नाही" म्हणत लाल तोडून जाणारी माणसं मला रोज दिसतात. अहो, तो कुणालाच बघत नाही. नव्वद सेकंद थांबलात तर तुमची पाळी येणार म्हणजे येणारच.

फेऱ्या सारख्या निघाल्या नाहीत तर खाली आणि वर बघा. थांबण्याच्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडं डांबरात चौकोनी चिरा आणि त्यात भरलेलं काळं सीलंट दिसलं तर खाली कॉइल आहे. खांबावरून थांबणाऱ्या गाड्यांकडं तोंड केलेला कॅमेरा किंवा छोटा डबा असेल तर नजर वरून आहे. पण चौकात कॅमेरा दिसला की तो सिग्नल चालवणाराच असेल असं नाही; बरेच कॅमेरे नुसते देखरेखीचे किंवा चलनाचे असतात.

रस्त्याखालची ती कॉइल काम कशी करते?

रस्ता कटरनं काही इंच खोल चिरतात. त्या चिरेत इन्सुलेशनची तांब्याची तार तीन-चार वेढे फिरवतात. चौकोन साधारण सहा फूट बाय सहा फूट. तारेची दोन टोकं एकमेकांत पिळून कडेच्या पेटीतल्या यंत्राला जोडतात. यंत्र तारेतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट सोडतं. वर धातू आला की त्या धातूत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे करंट, सुरू होतात, ते कॉइलच्या चुंबकी क्षेत्राला विरोध करतात, कॉइलचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला अडवायचा तिचा गुण) घटतं आणि यंत्राला कळतं की वर कुणीतरी आहे.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पटकन उमजतं. विजेच्या मोटारीचा कोअर, म्हणजे कॉइली बसतात तो गाभा, सलग लोखंडाचा न ठेवता पातळ पत्र्यांचा रचतात, तो या एडी करंटलाच आवर घालण्यासाठी. तिथं तो मोटार तापवतो म्हणून नको असतो. इथं त्याच्याशिवाय काम चालत नाही. धंद्यात नसलेल्यांनी गणपतीच्या मंडपात पोलीस अंगावरून फिरवतात ते मेटल डिटेक्टर आठवावं. तत्त्व तेच. पट्ट्याच्या बकलाजवळ नेलं की ओरडतं, हातभर लांब धरलं की गप्प.

मुद्दा या हातभर अंतराचा आहे. कारचं पोट जमिनीला समांतर, रुंद आणि खाली असतं, म्हणून ती कॉइलला ठळक कळते. मोटारसायकलीचा धातू कमी, अरुंद आणि उभा. कॉइलवर तिचा परिणाम कारच्या मानानं किरकोळच. उसाची ट्रॉली एवढी अवजड, पण तिचा सांगाडा जमिनीपासून उंच असल्यानं तीसुद्धा कधीकधी कॉइलला कारपेक्षा फिकट दिसते.

म्हणजे वजनाचा संबंध नाही? बुलेट उभी केली तर सुटतो म्हणतात.

नाही. कॉइलला वजन कळत नाही. दोन पोती साखर मागं बांधून उभं राहिलात तरी तिला काही फरक पडायचा नाही. बुलेटला फायदा होत असेल तर तो जास्तीच्या धातूचा.

हा समज आला कुठून, हे मात्र मी शोधून काढलं. गाडी ओळखणारे पहिले सिग्नल अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या शेवटी लागले. बाल्टिमोर शहरात १९२८ साली चार्ल्स ॲडलर यांनी बसवलेला सिग्नल चक्क आवाजावर चालायचा: गाडीवाल्यानं थांबून हॉर्न वाजवायचा, खांबावरच्या मायक्रोफोननं तो ऐकायचा आणि दिवा बदलायचा. त्याच सुमारास रस्त्यात दाबपट्ट्या बसवायला सुरुवात झाली, आणि त्या खरोखर चाकाच्या वजनानं दबायच्या. पुरलेल्या कॉइली १९६० च्या दशकात आल्या आणि दाबपट्ट्या हळूहळू गेल्या. वजनाची समजूत तेवढी लोकांच्या बोलण्यात राहिली.

मग नेमकं थांबायचं कुठं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

दोन्ही चाकं तारेच्या रेघेवर घ्या, चौकोनाच्या मध्यभागी नको. आपण ज्या दिशेनं जातो त्या दिशेला समांतर असलेली डावी किंवा उजवी रेघ धरा. तार जिथं पुरली आहे त्याच्या बरोबर वर चुंबकी रेषा आडव्या वाहतात आणि तुमच्या चाकाच्या रिंगमधून आरपार जातात, बांगडीतून हात जावा तशा. चौकोनाच्या मध्यावर त्याच रेषा खालून वर सरळ उभ्या असतात. तिथं उभं चाक त्यांच्या आड येतच नाही, त्या शेजारून निघून जातात. मध्यभागी ऐटीत उभी असलेली मोटारसायकल कॉइलला दिसत नाही आणि कडेला रेघेवर उभी असलेली दिसते, ते यामुळं.

काही ठिकाणी चौकोनात मध्ये आणखी एक उभी रेघ असते, म्हणजे इंग्रजी आठचा आकडा चपटा करून पुरल्यासारखी कॉइल. तिथं मधली रेघच सगळ्यांत चांगली, कारण दोन्ही बाजूंचे वेढे तिथं एकत्र येतात. रेघा तिरप्या असतील तर फार विचार करू नका. ती रचना दुचाकी कुठंही उभी राहिली तरी कळावी म्हणूनच केलेली असते.

आता आपली खरी चूक. सांगलीत कुठल्याही चौकात संध्याकाळी बघा, दुचाकीवाले पांढऱ्या पट्टीवर थांबत नाहीत. पट्टी ओलांडून झेब्रावर, झेब्रा ओलांडून चौकाच्या तोंडाशी. कॉइल राहते मागं, आपण पुढं. बऱ्याच सिग्नलांत अशी मांडणी असते की गाडी कॉइलवर उभी आहे तोवरच तिची मागणी धरली जाते. गाडी कॉइलवरून उतरली की सिग्नल समजतो, गेली वाटतं. आल्या आल्या तुम्ही त्याला दिसलेले असता. मग पुढं सरकता आणि तुमची पाळी पुसली जाते. मी स्वतः त्या चौकात कितीतरी रात्री असाच झेब्रावर उभा राहून सिग्नलला नावं ठेवली. पट्टीमागं, रेघेवर थांबायला लागल्यापासून निम्मे चौक आपोआप सुटायला लागले.

दोघं मित्र दोन गाड्यांवर असाल तर शेजारी शेजारी मध्यभागी थांबू नका; एकानं डावी रेघ धरा, दुसऱ्यानं उजवी.

रेघ दिसतच नाही, वरून नवीन डांबर टाकलंय.

पट्टीच्या मागं दोन-चार फुटांवर, लेनच्या मध्यापासून तीनेक फूट डावीकडं थांबा. नाही सुटला तर पुढच्या खेपेला फूटभर सरकून बघा. रोजचा चौक असेल तर दोन-चार रात्रींत जागा सापडते, आणि सापडली की कडेच्या झाडाची किंवा खांबाची खूण लक्षात ठेवा.

नव्या डांबरानं कॉइल आणखी खोल जाते आणि दुचाकी तिला आणखी पुसट होते. दुसरं दुखणं आपल्या काळ्या मातीचं. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर उसाच्या ट्रॉल्या. तार तुटायला वेळ लागत नाही. ड्रेनेजसाठी, केबलसाठी खोदाई झाली तर तीही तुटते. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते: तार पूर्ण तुटली तर बहुतेक यंत्रं "गाडी आहे" असंच धरून चालतात आणि प्रत्येक फेरीत हिरवा देतात. म्हणजे तुटलेल्या कॉइलनं तुमचं अडत नाही. अडतं ते शाबूत पण मंद लावलेल्या कॉइलनं.

गाडीखाली लोहचुंबक लावला की सिग्नल सुटतो, खरं आहे का?

पैसे घालवू नका. चुंबकाचं क्षेत्र स्थिर असतं. कॉइलचं यंत्र एडी करंटमुळं होणारा बदल मोजतं, आणि तुमच्या बोटाएवढ्या चुंबकात तसा करंट कितीसा फिरणार? ॲल्युमिनियमची रिंग त्याहून कितीतरी जास्त काम करते, आणि ती गाडीला आधीच आहे.

पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रातला फरक पकडणारे, डांबरात डबीसारखे पुरलेले वेगळे सेन्सरही असतात. त्यांना लोखंड कळतं, ॲल्युमिनियम कळत नाही. रस्त्यात गोल झाकणासारखी खूण दिसली तर गाडीचं इंजिन तिच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या.

इंजिन बंद करून चालू करणं, साइड स्टँड टेकवणं, अपर-डिपर मारणं?

इंजिन बंद-चालू केल्यानं काही होत नाही. साइड स्टँड तारेवर टेकवला तर धातू थोडा जवळ जातो, पण परिणाम नगण्य, आणि स्टँड तसाच राहून पुढच्या वळणावर पडण्याची भीती मोठी. अपर-डिपरचा समज परदेशातल्या ॲम्ब्युलन्सवरून आला असावा. तिथं काही गाड्यांवर ठरलेल्या गतीनं लुकलुकणारा खास दिवा असतो आणि खांबावरचा रिसीव्हर तोच ओळखतो. हातानं मारलेला अपर त्या गतीच्या जवळपासही जात नाही. हॉर्न तर १९२८ च्या बाल्टिमोरबरोबर संपला.

आमच्या चौकात खांबावर कॅमेरा आहे. त्याला कसं दिसायचं?

कॅमेऱ्याच्या चित्रावर संगणकात एक चौकट आखलेली असते. त्या चौकटीत काही आलं की गाडी आली. चौकट साधारण पट्टीच्या मागंच आखतात, म्हणून इथंही नियम तोच: पुढं जाऊ नका. लेनच्या अगदी कडेला, दुभाजकाला चिकटूनही नको.

रात्री कॅमेरा मुख्यतः हेडलाइट शोधतो. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. जुन्या गाडीवाल्यांनी थांबल्यावर दिवा बंद करायची सवय सोडावी. बल्ब मंद झाला असेल तर बदला. जोराच्या पावसात ओल्या रस्त्यावरची चकाकी आणि थंडीत कृष्णाकाठचं धुकं, दोन्हींत कॅमेरा गोंधळतो. हा कॅमेऱ्याच्या मर्यादेचा भाग आहे, तुमच्या हातात फार नाही. रडारचे डबे धुक्या-पावसात चांगलं काम करतात, पण त्यांतले काही फक्त हलती वस्तू ओळखतात. तिथं पट्टीमागंच फूटभर हळूच सरकलं तर उपयोग होतो.

इलेक्ट्रिक स्कूटर दिसते का? सायकल?

दोन्ही दिसू शकतात, धातूच्या रिंग असल्या आणि तारेवर उभ्या केल्या तर. पेट्रोल इंजिनाची गरज नाही. कार्बन फायबरच्या महागड्या सायकलींची पंचाईत होते.

किती वेळ थांबल्यावर लाल ओलांडलेला चालतो?

आपल्या कायद्यात अशी कुठलीही मुदत नाही. दोन मिनिटं नाही, पाच मिनिटं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११९ नं सिग्नल पाळणं बंधनकारक आहे. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि नंतर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं लाल दिवा तोडणं कलम १८४ च्या धोकादायक वाहन चालवण्यातही घातलं. त्यात पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

चौकात पोलीस उभा असेल आणि त्यानं हातानं जा म्हटलं तर जा. त्याचा हात दिव्याच्या वर.

माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो तिकडं मोटारसायकलला लाल ओलांडायची परवानगी आहे.

काही राज्यांत आहे, सगळीकडं नाही, आणि अटींसह. मिनेसोटानं २००२ मध्ये असा कायदा केला. तिथंही तो सरसकट परवाना नाही: पूर्ण थांबलो, सिग्नल अवाजवी वेळ लालच राहिला, त्यानं गाडी ओळखली नाही आणि दुसरं वाहन येत नव्हतं, हे पकडलं गेल्यावर बचावात सांगता येतं. विस्कॉन्सिनमध्ये ४५ सेकंद थांबावं लागतं. व्हर्जिनियात २०११ पासून दोन मिनिटं किंवा सिग्नलच्या दोन फेऱ्या, जे आधी होईल ते. भावाला त्याच्या राज्याचा नियम वाचायला सांगा, शेजारच्या राज्याचा नव्हे.

मला त्याहून कॅलिफोर्नियाची वाट जास्त पटते. तिथं २००८ पासून नव्यानं बसवलेल्या सेन्सरच्या सिग्नलला सायकल आणि मोटारसायकल ओळखता आलीच पाहिजे, असा कायदा आहे. माणसाला लाल तोडायची मुभा देण्यापेक्षा यंत्राला माणूस बघायला लावणं केव्हाही बरं. आपल्याकडं रस्त्यावर सगळ्यांत जास्त दुचाक्याच आहेत. दुचाकी न दिसणारा सिग्नल आपल्या शहरात बसवणं म्हणजे बहुतेक शहर न दिसणारा सिग्नल बसवणं.

मग सुटतच नाही तेव्हा करायचं काय?

आधी जागा बदलून बघा: पट्टीमागं, रेघेवर. एक पूर्ण फेरी जाऊ द्या. मागून कार, रिक्षा आली तर रेघेच्या एका अंगाला होऊन त्यांना पट्टीपर्यंत यायला हातानं खूण करा. तुम्ही पट्टीवर आणि कार तुमच्या मागं दहा फुटांवर उभी राहिली, तर तीही कॉइलबाहेर राहते आणि दोघंही अडकता.

कुणीच आलं नाही तर फ्री लेफ्टचा बोर्ड किंवा हिरवा बाण असेल तिथून डावीकडं जा आणि पुढं यू-टर्न जिथं चालतो तिथून परत या. चार-पाचशे मीटरचा फेरा पडतो, पडू द्या. बोर्ड नसेल तर डावीकडं वळणंही लाल तोडणंच आहे, हे बरेच जण विसरतात. शेवटचा उपाय मी स्वतः केलेला: इंजिन बंद, खाली उतरायचं, आणि पादचाऱ्यासारखं झेब्रावरून गाडी ढकलत पलीकडं. जड गाडीला कष्ट पडतात, पण दोन मिनिटांत माणूस सुखरूप पलीकडं असतो.

मी नर्स आहे. रात्री दीडला एकटी अशा सिग्नलला थांबायला भीती वाटते. तरी थांबायचंच?

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यांत जड जातो. भीती खरी आहे आणि "नियम म्हणजे नियम" एवढं उत्तर पुरेसं नाही.

पहिलं, वाट बदला. लांबची पण उजेडाची, टपऱ्या-मेडिकल उघडे असलेली वाट निवडा. सेन्सरचा अडेल सिग्नल रोजच्या वाटेवर असेल तर तो वाटेतूनच काढून टाका. दुसरं, थांबावं लागलंच तर इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच दाबलेला, नजर आरशात. स्कूटर असेल तर हात ब्रेकवर. कुणी जवळ येऊन त्रास देतंय असं वाटलं तर डावीकडं मोकळं असेल तिकडं निघा आणि ११२ ला फोन करा. जीव वाचवायला कुणी सिग्नल तोडला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. चौक दोन्हीकडं बघून मगच ओलांडा, कारण रात्री समोरच्या हिरव्यावर येणारा वेगात असतो आणि तुम्ही मध्ये याल अशी त्याची अपेक्षाच नसते.

आणि तुमच्या दवाखान्यातल्या सगळ्या रात्रपाळीवाल्यांनी मिळून सह्यांचं पत्र द्या. एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा वीस नर्सताईंच्या सह्या कुठल्याही टेबलावर लवकर वाचल्या जातात.

थांबल्यावर मागून कुणी ठोकलं तर?

उसाच्या हंगामात ही भीती मला माणसांच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. कारखाने सुरू झाले की रात्रभर ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, ब्रेक लागायला वेळ घेणारं ओझं. एकट्या मोटारसायकलचा मागचा दिवा एवढासा. म्हणून डावी रेघ धरा, उजवी नको. मागून उजेड दिसला की ब्रेक दोन-तीनदा दाबून लाल दिवा लुकलुकवा. पुढं कुठं निसटायचं ते आधी ठरवून ठेवा. मागच्या मडगार्डला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. मागची गाडी पूर्ण थांबेपर्यंत गाडी न्यूट्रल करू नका.

पिवळा दिवा नुसता लुकलुकत असेल तर?

वेग कमी करून, बघून, पुढं जा. थांबून हिरव्याची वाट बघायची नाही. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबा, मोकळं दिसलं की निघा.

दुचाकी न ओळखणाऱ्या सिग्नलला मी लाल असताना निघालो आणि ई-चलन आलं. माफ होईल का?

खात्री देता येत नाही. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथं चलनाचा नंबर, वेळ आणि सिग्नल दुचाकी ओळखत नसल्याची हकिगत लिहा. आधीच केलेल्या तक्रारीची पोच जोडता आली तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं. चलन आल्यावर पहिल्यांदा तक्रार करणाऱ्याचं म्हणणं सबब वाटतं. दुर्लक्ष करून चलनं साठवू नका, ती पुढं लोकअदालतीपर्यंत जातात.

तक्रार कुणाकडं करायची आणि कशी लिहायची?

शहरातला सिग्नल बहुतेक वेळा महापालिकेचा, म्हणजे आपल्याकडं सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा विद्युत विभाग बघतो आणि वाहतूक शाखा तो चालवते. म्हणून एकच अर्ज दोघांनाही द्या, दोघांचीही पोच घ्या. राष्ट्रीय महामार्गावरचा चौक असेल तर १०३३ हा क्रमांक आहे.

"सिग्नल नीट चालत नाही" असं लिहू नका. तंत्रज्ञ दुपारी येतो, चारी बाजूंनी गाड्या असतात, सिग्नल व्यवस्थित सुटतो, तो शेरा मारून जातो. माझ्या पहिल्या अर्जाचं हेच झालं आणि तीन महिने गेले. दुसरा अर्ज मी असा लिहिला (लूप डिटेक्टर म्हणजे आपली कॉइल आणि तिचं यंत्र; सेन्सिटिव्हिटी म्हणजे त्याला किती कमी धातू कळतो ते):

"विषय: चौकातील सिग्नल मोटारसायकल ओळखत नसल्याबाबत. महोदय, वरील चौकात अमुक रस्त्याकडून उजवीकडे वळणाऱ्या लेनमध्ये मोटारसायकल एकटी असताना हिरवा दिवा मिळत नाही. अमुक तीन तारखांना रात्री १२.१५ ते १२.३० या वेळेत स्टॉप लाइनमागे उभा असताना समोरच्या रस्त्याला अनुक्रमे तीन, दोन व चार वेळा हिरवा मिळाला, या लेनला एकदाही नाही. चारचाकी आल्यावर त्याच फेरीत हिरवा मिळाला. या लेनच्या लूप डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी दुचाकी उभी करून तपासावी व आवश्यक तेवढी वाढवावी. तपासणी रात्री अकरानंतर करावी, ही विनंती."

यात तारीख आहे, लेन आहे, आकडा आहे आणि काय करायचं तेही आहे. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपये शुल्क, मजकूर १५० शब्दांत, विषय एकच. या चौकातल्या डिटेक्टरची शेवटची तपासणी कधी झाली आणि देखभालीचं काम कुणाकडं आहे, एवढंच विचारा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, आणि बऱ्याचदा त्या मुदतीतच दुरुस्ती होऊन जाते.

दुरुस्तीला रस्ता खोदावा लागतो का? तेच कारण सांगतात.

कॉइल शाबूत असेल तर नाही. पेटीतल्या यंत्रावर सेन्सिटिव्हिटीच्या पायऱ्या असतात, एक-दोन पायऱ्या वाढवायच्या, खाली मोटारसायकल उभी करून बघायचं. फार वाढवली तर शेजारच्या लेनमधली कारसुद्धा पकडली जाते, म्हणून बेतानं. आमच्या चौकात शेवटी एक तरुण तंत्रज्ञ रात्री आला. मी गाडी रेघेवर लावली, त्यानं पेटी उघडली, दोन पायऱ्या वाढवल्या. चहा थंड व्हायच्या आत काम झालं होतं. पाच महिने मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण त्या दहा मिनिटांसाठी थांबलो होतो.

दुरुस्त झालं हे कसं तपासायचं?

रात्री जा, एकटे जा. पट्टीमागं रेघेवर थांबा आणि सलग तीन फेऱ्या मोजा. तिन्ही वेळा सुटला तर मग मुद्दाम मध्यभागी थांबून एकदा बघा, कारण प्रत्येकाला रेघेची गोष्ट माहीत नसणार. तिथंही सुटला तर कार्यालयात फोन करून काम झाल्याचं कळवा. मी कळवलं तेव्हा पलीकडचा माणूस क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, तक्रार करायला रोज फोन येतात. आणि त्यानं आणखी एका चौकाचं नाव विचारून घेतलं.